वाळूसाठी कॅम

गरौठ्याच्या पियुषने गाडी माझ्या वर्कशॉपसमोर उभी केली, हेल्मेट काढलं आणि विचारलं, "चाचाजी, कैम बदलें कि हेड की पोर्टिंग कराएँ?" उत्तर मला मिनिटभरात कळलं होतं. पोर्टिंग. डोळे मिटून सांगितलं असतं तरी तेच सांगितलं असतं. पण तोंडातून शब्द निघाला तो दुसराच.

"कैम," मी म्हणालो.

हे खोटं होतं. का बोललो तेही आत्ताच सांगून टाकतो, कारण गोष्ट सांगताना माणसाला ताटकळत ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. श्रावणापासून माझा उजवा हात थरथरतो. सारखा नाही. हातात काही बारीक धरलं की सुरू होतो आणि मग माझं ऐकत नाही. ही गोष्ट जगात फक्त दोघांना ठाऊक होती, मला आणि माझ्या बायकोला, शशिकलाला. तिसऱ्याला ती कळू नये यासाठी मी काय काय केलं, तेच सांगायला बसलोय.

झाशीत खंडेराव गेटाबाहेर माझं वर्कशॉप आहे. एकतीस वर्षं मी हेडं मोकळी करतोय. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग. त्यातून हवा आणि पेट्रोल आत जातं, धूर बाहेर पडतो. कारखान्यातून ते येतं तेव्हा त्या वाटा आतून खडबडीत असतात, ओतकामाचे कंगोरे राहिलेले असतात. ते ग्राइंडरने, मग एमरी कागदाने घासून काढायचे, की इंजिनाला मोकळा श्वास घेता येतो. हेच पोर्टिंग. कमी घासलं तर केलं न केलं सारखंच. जास्त घासलं तर वाट रुंद होऊन आत जाणाऱ्या हवेचा जोरच जातो. आणि वाटेच्या तोंडाची झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, ज्या कडेवर बसतो तिथे ग्राइंडर एकदा निसटला, की हेड भंगारात. मी मध्ये मध्ये ग्राइंडर बंद करून करंगळी आत घालतो आणि कुठे किती राहिलंय ते बोटाला विचारतो. लोक म्हणायचे, मकरंद भैया की उँगली में आँख है. म्हणू देत. मला आवडायचं.

कॅमचं काम तसं नाही. व्हॉल्व्ह किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे हे कॅम ठरवतो. जास्त उघडणारा नवा कॅम डब्यातून येतो. जुना काढा, नवा बसवा, खुणा जुळवा, टॅपेटची फट लावा. नाही पटला तर परत जुना. त्याला पाना फिरवणारा हात पुरतो, मग तो थरथरला तरी चालतं.

श्रावणात ललितपूरच्या एका माणसाचं हेड माझ्या हातून गेलं. ग्राइंडर निसटला, कडेवर बारीकसा ओरखडा आला. मी त्याला नवं हेड आणून, तेच मोकळं केलंय असं सांगून, जसंच्या तसं बसवून दिलं. तो खूश होऊन गेला, दोन दिवसांनी त्याने फोनही केला, गाडी हवा से बात कर रही है म्हणाला. त्या फोननंतर मला जेवण गेलं नाही.

आता पियुषच्या गाडीचं ऐका. साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची गाडी. दिवाळीनंतर बेतवा नदीचं पाणी उतरलं की पात्रातल्या वाळूत मोटारसायकलींची शर्यत होते, आसपासच्या चार तहसिलींतले गडी उतरतात. पियुष तीन वर्षं लागोपाठ दुसरा आला होता. वाळूत चाक रुततं, इंजिनाचे फेरे कमी होतात आणि तिथून गाडी उचलायची असते. म्हणजे ताकद खाली, कमी फेऱ्यांवर लागते. जास्त उघडणारा कॅम ताकद वर देतो, मोकळ्या डांबरी रस्त्यावर, गाडी शंभरच्या पुढे पळत असेल तेव्हा. खालची ताकद मात्र तो खातो. वाळूत असा कॅम म्हणजे पोहायला निघालेल्याच्या पायात गमबूट. हे मला कळत होतं आणि मी त्याला डोळ्यात डोळे घालून कॅम सांगितला.

त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या फडक्याकडे बघितलं. फडकं मी हल्ली सतत हातात ठेवतो.

"आप कह रहे हैं तो कैम ही सही," तो म्हणाला.

तेवढ्यात शशिकला चहा घेऊन आली. दुपारी ती वर्कशॉपमध्ये येऊन बसते. व्हॉल्व्ह घासायचं काम तिचं, ते ती माझ्यापेक्षा बरं करते. पियुष ताडमाड उंच. त्याला बघून ती मराठीत म्हणाली, "अहो, ह्या उंटाला कप पुरेल, की तांब्याच भरून देऊ?"

मी हसलो. पियुष समोरच्या कॅलेंडरकडे बघत चहा पीत राहिला.

हे आमचं नेहमीचं. आमचे पूर्वज मराठ्यांच्या कुठल्याशा पथकातून इकडे आले आणि इथलेच झाले. दाराबाहेर पडलं की सगळं हिंदी नाहीतर बुंदेली. आमची मुलगी जाई इंदूरला असते. तिला मराठी कळतं, पण फोनवर उत्तर देते हिंदीत. उरलं काय, तर घरात बोलायची मराठी आणि गिऱ्हाइकासमोर बोलायची मराठी. वडील गिऱ्हाइकाच्या तोंडावर हसत हसत मला मराठीत सांगायचे, "हा घासाघीस करणार, तू आत जा." पडदा ओढल्यासारखं असतं ते. समोरचा बसलेला असतो आणि नसतोही. त्याची आम्हाला इतकी सवय झालेली की आवाजही खाली करत नाही.

"तुम्ही त्याला कॅम का सांगितलात?" शशिकलाने तिथेच विचारलं. "वाळूची गाडी आहे ना?"

"मग काय सांगू? पोर्टिंग सांगून हेड फोडू त्याचं?"

"हात थरथरतो म्हणून सांगा सरळ. दुसरीकडे जाईल."

"आणि उद्या सगळ्या झाशीला कळेल. मग इथे काय, पंक्चर काढत बसू?"

"अहो, पण तो बिचारा हरेल ना."

"तीनदा हरलाच की. चौथ्यांदा हरला तर काय मरतोय?"

हे मी बोललो. शब्द न् शब्द असाच. चहाचा कप डाव्या हातात धरून बोललो. पियुषने आपला कप खाली ठेवला, "बढ़िया चाय है चाचीजी" म्हणाला आणि गाडी ठेवून बसने गरौठ्याला गेला.

कॅम यायला दोन आठवडे लागले. ते दोन आठवडे मी कसे काढले ते मलाच ठाऊक. एका जागी बसवेना. पाने पुसून ठेवायचो आणि परत काढून पुसायचो. घरी जायचो तर वर्कशॉपला कुलूप लावलं की नाही म्हणून परत यायचो. शशिकला डॉक्टरचं नाव काढायची आणि मी तिच्या अंगावर धावून जायचो. एकदा तिने माझ्यासमोर पोह्यांची बशी आणि चमचा ठेवला आणि बघत राहिली. मी चमचा उचलला, पोहे शर्टावर सांडले. उठून निघून आलो. वाईट वाटत होतं ते तिच्यावर ओरडल्याचं नव्हतं, ती बरोबर आहे याचं होतं.

पियुष त्या दिवसांत तीनदा आला. उगाचच. मोसंबी घेऊन आला, एकदा शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन आला. स्टुलावर बसायचा आणि म्हणायचा, "जल्दी नहीं है चाचाजी, तसल्ली से करिए." एकदा म्हणाला, "वैसे मन हो तो पोर्टिंग का भी सोच लीजिए. न हो तो भी कोई बात नहीं." मी फटकारलं त्याला. म्हटलं, मोबाइलवर चार व्हिडिओ बघून आलास का मला शिकवायला? "नहीं चाचाजी," एवढंच बोलला. तो जायला उठला तशी शशिकला म्हणाली, "किती गरीब माणूस आहे हो." मी म्हटलं, गरीब नाही, बिनडोक आहे. पण हे तो दारातून बाहेर पडायच्या आधीच म्हटलं, नेहमीप्रमाणे.

कॅम आला. बसवला. टॅपेट लावताना पातळ पट्टी फटीत सरकवावी लागते, ती शशिकलाने धरली आणि मी नट फिरवला. गाडी चालू केली. असला कॅम असला की इंजिन उभ्या उभ्या एकसारखं चालत नाही, गचके खातं, आता बंद पडेल मग बंद पडेल असं करतं. शौकीन पोरांना तो आवाज आवडतो. मला तो ऐकवेना, मी किल्ली फिरवून बंद केली. काम नीट झालं होतं. मी आजवर बसवलेल्या कॅमांमधला हा सगळ्यात नीट बसलेला असेल आणि सगळ्यात चुकीचा.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरात पूर्वी या दिवशी तलवारीची पूजा व्हायची. तलवार कधी गेली, कोणी विकली, कोणाला ठाऊक नाही. आता चौरंगावर माझा ग्राइंडर असतो, पाने असतात, शशिकलाचं व्हॉल्व्ह घासायचं लाकडी दांडकं असतं. झेंडूची फुलं, हळदकुंकू. मी ग्राइंडरला कुंकू लावायला गेलो आणि बोट त्याच्यावर न टेकता चौरंगभर ठिपके पडले. शशिकलाने ते पदराने पुसले. मला त्या क्षणी इतकं असह्य झालं की आरती अर्धी टाकून मी गच्चीवर गेलो. देवासमोर हत्यार ठेवायचं आणि ते चालवता येत नाही हे लपवायचं, हा कसला सण?

दसऱ्याच्या दिवशी पियुष गाडी न्यायला येणार होता. चांगला दिवस बघून त्यानेच ठरवलं होतं. घरात जीव लागेना म्हणून मी सकाळीच जाऊन शटर उघडलं. थोड्या वेळाने दतियाचा एक जाडजूड माणूस गाडी घेऊन आला. त्याचा तिथे ढाबा आहे, आणि तोही त्याच वाळूच्या शर्यतीत उतरणार होता. त्याने तोच प्रश्न विचारला, कॅम की पोर्टिंग. मी म्हटलं, बैठो, देखते हैं. शशिकला घरून पुरणाचा डबा घेऊन आली होती, ती व्हॉल्व्हच्या टेबलाशी बसली. दतियावाला स्टुलावर बसून पान चघळत होता. इकडे झाशीत दसऱ्याला एकमेकांना विड्याचं पान देतात, तो माझ्यासाठीही घेऊन आला होता.

मग पियुष आला. नवा शर्ट, भांग पाडलेला. आल्या आल्या वाकून माझ्या पायाला हात लावला, मग खिशातून हिरवी पानं काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मला वाटलं, हाही विड्याची पानं घेऊन आलाय. बघतो तर जोडपान. आपटा.

"सोनं घ्या काका," तो म्हणाला. "सोन्यासारखं राहा."

शशिकलाच्या हातातलं दांडकं टेबलावरून घरंगळत खाली पडलं. कोणी उचललं नाही.

इथल्या माणसाला आपट्याचं पान ठाऊक नसतं. सोनं द्यायचं ठाऊक नसतं. आणि हा ते चोख मराठीत म्हणाला होता.  मग एकेक गोष्ट आठवायला लागली. उंट. तांब्या. पंक्चर. बिचारा हरेल. चौथ्यांदा हरला तर काय मरतोय. बिनडोक. माझ्या कानांतून वाफा निघाल्या. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"कुठे शिकलास?" मी विचारलं.

"चाकणला होतो काका, सात वर्षं. हेड बनवायच्या लाइनवरच होतो. बाबा गेले म्हणून परत आलो शेतीला." त्याचं मराठी जरा हिंदी वळणाचं, पण स्वच्छ होतं. "ही पानं आमच्या बांधावरच्या झाडाची."

"मग बोलला का नाहीस पहिल्या दिवशी?" शशिकला म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"बोलणारच होतो काकू. तुम्ही उंट म्हणालात." तो हसला. "मग म्हटलं आता बोललो तर तुम्हाला वाईट वाटेल. आणि मग लगेच हाताचं निघालं. मग तर बोलताच येईना."

दतियावाला स्टुलावरून कौतुकाने बघत होता. "काए, मराठी में का बातें चल रईं?" त्याने विचारलं.

"कछू नईं भैया," पियुष म्हणाला. "त्योहार की बातें हैं."

आणि मग लगेच माझ्याकडे वळून परत मराठीत बोलायला लागला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो काय करतोय. तो हळू आवाजात बोलत नव्हता, बाजूला घेऊन बोलत नव्हता. आमचाच पडदा त्याने ओढला होता, पण माझ्यासाठी.

"तू लाइनवर होतास," मी म्हटलं. "म्हणजे वाळूला कॅम चालत नाही हे तुला कळत होतं."

"हो."

"मग कशाला घेतलास?"

"पोर्टिंगच करा म्हणून बसलो असतो तर तुम्हाला कारण सांगावं लागलं असतं ना काका." तो जमिनीकडे बघत होता. "मला वाटलं तुम्ही आपणहून सांगाल. म्हणून येत राहिलो. नाही सांगितलंत, तर म्हटलं जाऊ दे. शर्यत काय, दरवर्षी असते."

माझा संताप झाला. खरंच झाला. हा कोण माझ्यावर दया करणारा? कोणी सांगितलं होतं याला? मोसंबी कसली आणतोस, शेंगा कसल्या आणतोस, माझ्या दोन थोबाडीत मारायच्या होत्यास त्याच दिवशी! मी हे सगळं बोललो की नुसतं मनात म्हटलं, आता आठवत नाही. शशिकलाने माझा दंड धरला होता हे आठवतं. आणि आपट्याची पानं माझ्या तळहातावर हलत होती, वारा नसताना, आणि तिघेही त्या पानांकडे बघत होते. दतियावालासुद्धा. पण त्याला वाटलं असेल सणाचा गहिवर आहे, कारण तो मान डोलवत होता.

"तो चाचाजी," त्याने विचारलं, "फिर हमारी में भी कैमई डाल दो. इनकी में डाली है तो ठीकई होगी. पोर्टिंग का झंझट कौन करे."

पियुष पटकन म्हणाला, "काका, मी त्याला सांगतो तुम्हाला सध्या वेळ नाही म्हणून. जाईल तो." मराठीत. माझ्यासाठी दार उघडं करून तो उभा होता. मी नुसती मान हलवली असती तरी झालं असतं. दतियावाला गेला असता, झाशीला काही कळलं नसतं, फडकं हातात राहिलं असतं.

मी पानं टेबलावर ठेवली.

"कैम मत डलवाना," मी दतियावाल्याला हिंदीत म्हणालो.  "रेत की गाड़ी है. उसमें पोर्टिंग ही लगेगी. इनकी में हमने गलत डाली है."

"तो पोर्टिंग कर दो."

"हमसे नहीं होगी," मी म्हणालो. "हाथ काँपता है हमारा. किसी और से करा लो."

मराठीत हे मी किती वेळा बोललो होतो. हिंदीत पहिल्यांदाच बोललो. तो माणूस पान चघळायचा थांबला, माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अरे," तो म्हणाला, "तो डॉक्टर को दिखाओ चाचाजी," आणि गाडीची किल्ली उचलून, दोन्ही हात जोडून निघून गेला. संध्याकाळपर्यंत तो अर्ध्या झाशीला आणि सगळ्या दतियाला सांगणार होता. मला ते पक्कं ठाऊक होतं.

शशिकला खाली वाकून दांडकं शोधत होती. पियुष टेबलावरची आपली किल्ली उचलून गाडीशी जाऊन उभा राहिला होता आणि मान वर करत नव्हता.

"ठेव ती किल्ली," मी त्याला म्हटलं. "कॅम उतरवू दे मला."